तुम्ही विचारलंत म्हणून: गल्ल्यातले दोन रुपये

"काका, हाई बिटकॉइन खरं शे का?" अमळनेरच्या आमच्या दुकानात हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो. बाप मुलीच्या लग्नाची पोत बघत असतो, कंटाळलेला पोरगा मोबाइलमध्ये. मागच्या दिवाळीत अशाच एका पोरानं त्याच्याही पुढचं विचारलं. सरकारला छापता येणार नाही असा पैसा आला, तर सरकारची मस्ती उतरेल आणि लढायाही कमी होतील ना? तेवढ्यात चहा आला, गिऱ्हाईक आलं, उत्तर राहून गेलं.

माझ्या गल्ल्यात आजोबांचे दोन रुपये आहेत. एक १९१८ चा, पंचम जॉर्जचा. दुसरा १९४२ चा, सहाव्या जॉर्जचा. काट्यावर दोन्ही तोळाभर भरतात. पण पहिल्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आहे, दुसऱ्यात निम्मीच. १९४० साली महायुद्ध चालू असताना सरकारनं रुपयातली चांदी उतरवली आणि त्याच वर्षी एक रुपयाची नोटही काढली. इथल्या लष्करी खर्चाचा मोठा भाग ब्रिटन 'मागून देतो' म्हणून लंडनच्या वहीत मांडून ठेवत होतं, आणि त्या उधारीच्या जोरावर इथे नोटा छापल्या जात होत्या. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास गेल्या. तेवढा कर लावला असता तर लोक रस्त्यावर आले असते. इथे भाव चढले, आणि लोकांनी शिव्या दिल्या वाण्याला.

म्हणजे पोराचं म्हणणं खुळं नाही. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं, तेव्हा त्याच्या पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्याच पानावर, लंडनच्या 'द टाइम्स'चा मथळा कोरलेला होता: बँकांना सरकार दुसऱ्यांदा वाचवायला निघालंय, असा. नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर जायची नाहीत, हा त्याचा नियम. सरकारी हुकमानं त्यात तांबं मिसळता येत नाही, याचं सराफ म्हणून मला कौतुकच वाटतं.

पण निखळ चांदीच्या काळात लढाया कुठे थांबल्या होत्या? पहिल्या बाजीरावाजवळ छापखाना नव्हता, तरी स्वाऱ्या झाल्याच, सावकारांच्या कर्जावर. त्याचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी, त्यांना लिहिलेल्या पत्रांत त्या तगाद्यांचं रडगाणं आहे. आणि २०२२ मध्ये युक्रेननं युद्धासाठी क्रिप्टोतच, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांतच, देणग्या मागितल्या. उत्तर कोरियाचे हॅकर तर क्रिप्टोवर दरोडेच घालतात.

सरकारच्या ताकदीचं म्हणाल, तर ते आमच्या घरानं भोगलंय. १९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी! आता सोनंही कुठल्या सरकारला छापता येत नाही. पण सरकारनं सोन्याशी झटापट केली नाही, सोनाराचा हात धरला. आमची भट्टी थंड झाली. समोरचा कारागीर, ज्याच्या हातची पोत बायका पिढीजात मागायच्या, तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला गेला. पुढे तस्करी फोफावली, म्हणजे सरकारचंही पुरतं साधलं नाही; पण १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो उठायला १९९० उजाडलं. आजोबा तोवर नव्हते.

बिटकॉइनला हात लावणं अवघडच आहे. पण त्याचे रुपये करायला जिथे जावं लागतं, त्या एक्स्चेंजच्या दारात सरकार उभं आहे: एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर, जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. देश सोडून पळायची वेळ आलेल्या माणसाला मात्र बिटकॉइनच्या तिजोरीची किल्ली असलेले बारा शब्द पाठ करून आपली पुंजी सीमेपार नेता येते, आणि ते मला लहान वाटत नाही. त्याचा जीव त्यावर तरेल. त्याच्या मागे लागलेली फौज त्यानं माघारी फिरेल, असं काही मला दिसत नाही.

परवा तो पोरगा पुन्हा आला. दोन्ही रुपये त्याच्या तळहातावर ठेवले, हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मी पाच हजारांचं घेऊन बसलोय." कसं घेतलं, म्हटलं. "सोपं आहे. पॅन आणि आधारचा फोटो टाकला की दहा मिनिटांत खातं उघडतं."