झाकणावरच्या टेपवर तिसरी ओळ

माझ्या कामाच्या टेबलावर दोन लॅपटॉप असतात. एक रोजचा. दुसरा जाडजूड, बिजागरी सैल झालेला, १ जीबी रॅमचा, ३२ बिट विंडोज एक्सपीवाला. त्याच्या झाकणावर पांढरी टेप चिकटवून मी मार्करने लिहून ठेवलंय, 'नेटला जोडू नका. काहीही अपडेट करू नका.' गेल्या महिन्यात त्याखाली तिसरी ओळ आली, 'आधी तारीख बघा.' ती कशी आली ते सांगतेच, पण हा लॅपटॉप अजून टेबलावर का आहे हे आधी सांगायला हवं. माझा भाचा दर सुट्टीत हेच विचारतो, "मावशी, हे धूड भंगारात का देत नाहीस?"

कारण त्याच्या पाठीला आहे. २५ भोकांचं पॅरलल पोर्ट, जिथे पूर्वी प्रिंटर लावायचे. माझा पहिला एव्हीआर प्रोग्रामर (एव्हीआर या छोट्या कंट्रोलर चिपमध्ये प्रोग्राम घालायचं साधन) म्हणजे या पोर्टात बसणारा एक कनेक्टर, चार-पाच वायरी आणि थोडे रेझिस्टर. त्यात स्वतःचा मेंदू असा काही नाहीच. मोसी, एससीके आणि रिसेट या तारा संगणक स्वतः वर-खाली करतो, मिसो या तारेवरून चिपचं उत्तर वाचतो, आणि चिपमध्ये प्रोग्राम उतरतो. कोऱ्या चिपला बूटलोडर, म्हणजे बाहेरून प्रोग्राम आत घेणारा तिच्यातलाच छोटा प्रोग्राम, नसला तरी या मार्गाने तिच्यात शिरता येतं. मी सोल्डर केलेली आणि अजून चालणारी ही सगळ्यात जुनी वस्तू आहे, त्यामुळे जीव आहे तिच्यावर.

यूएसबीतून पॅरलल पोर्ट काढून देणारी केबल मिळते, मग जुनं यंत्र कशाला, असं मलाही एकदा वाटलं होतं. केबल आणली. सॉफ्टवेअरला पोर्ट दिसेचना. ती केबल खरं तर फक्त प्रिंटरची भाषा बोलते. जुनी सॉफ्टवेअरं ३७८ हेक्स या पत्त्यावरच्या रजिस्टरला थेट हात घालतात, आणि केबलमध्ये त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही.

हा थेट हात घालण्याचा प्रकार विंडोज ९८ मध्ये सर्रास चालायचा. कोणताही प्रोग्राम उठायचा आणि पोर्टावर बाइट लिहायचा. एनटीच्या घराण्यातल्या विंडोजनी, म्हणजे २००० आणि एक्सपीनेही, ती मोकळीक काढून घेतली. मग 'गिव्हआयओ' नावाचा एक चिमुकला ड्रायव्हर आला. तो प्रोग्रामला त्या पोर्टांची परवानगी मिळवून देतो, बाकी काही करत नाही. चिपमध्ये प्रोग्राम घालणाऱ्या जुन्या एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरबरोबर तो मिळायचाच. ६४ बिट विंडोजवर तो चालत नाही, आणि व्हिस्टापासून पुढे ६४ बिटवर सही नसलेल्या ड्रायव्हरला विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, दारातही उभं करत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने ३२ बिट एक्सपी ही मोक्याची जागा आहे. यूएसबी नीट चालतं आणि जुनं पोर्टही उघडतं.

आता कबुली. यूएसबीवर चालणारा प्रोग्रामर माझ्याकडे आहे, आणि रोजच्या लॅपटॉपवर मी तोच वापरते. तेव्हा पोर्ट हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे त्या हार्ड डिस्कवर बसलेली आर्डुइनो १.०.५ (आर्डुइनो बोर्डांसाठी प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) आणि २०१० च्या जानेवारीतलं विनएव्हीआर (सीचा प्रोग्राम एव्हीआर चिपच्या भाषेत आणणारा कंपायलर आणि सोबतची साधनं), जे त्याचं शेवटचंच प्रकाशन ठरलं.

टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा एक डबा मी आर्डुइनोची १.० आवृत्ती यायच्या आधी केला होता. तो आजही भिंतीवर मुकाट काम करतोय. मध्यंतरी त्यातला एकच आकडा बदलायचा होता. स्केच (आर्डुइनोत प्रोग्रामला हेच म्हणतात) नव्या आयडीईत, म्हणजे ते लिहायच्या सॉफ्टवेअरात, उघडलं आणि पडदा लाल झाला. फाइलचं शेपूट डॉट पीडीई, ते २०११ च्या शेवटी १.० आली तेव्हाच डॉट आयएनओ झालं. वायर लायब्ररीतलं 'सेंड' तेव्हाच 'राइट' झालं. फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) ठेवलेल्या मजकुराचा 'प्रॉगकॅर' हा प्रकार पुढे कंपायलरबरोबर गेलाच, आणि 'कॉन्स्ट' न लावलेला प्रॉगमेम ('फ्लॅशमध्ये ठेव' अशी खूण) नवा कंपायलर घेत नाही. हे सगळं दुरुस्त करता येतं. अशी एक स्केच मी केलीही आहे. पण वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेल्या यंत्रातला एक आकडा बदलताना मला कंपायलर बदलायचा नसतो. काही बिघडलं तर माझ्या आकड्याने की नव्या कंपायलरने, हा घोळ कोण निस्तरणार? जुन्या लॅपटॉपवर काम दहा मिनिटांत झालं, त्यातली चार एक्सपी सुरू व्हायला लागली.

उलटा प्रवास जास्त त्रासाचा. आजची लायब्ररी १.०.५ वर टाकली की तिच्यातला ४.३ मालिकेचा कंपायलर 'ऑटो' आणि 'नलपॉइंटर' बघून बावचळतो. त्याला सी प्लस प्लसचं ११ वालं व्याकरणच ठाऊक नाही, आणि चूक दाखवतो ती भलत्याच ओळीवर. यावर उपाय एकच, लायब्ररीची त्या काळातली झिप शोधून आणायची आणि मिळाली की जपून ठेवायची. माझ्या पेन ड्राइव्हवर 'जुने' नावाचं फोल्डर आहे. त्यात इन्स्टॉलर, ड्रायव्हर आणि लायब्रऱ्या, सगळं नावापुढे आवृत्ती लिहून ठेवलेलं. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीचाच, कारण एक्सफॅट वाचायला एक्सपीला वेगळं अपडेट लागतं आणि अपडेटबद्दल टेपवर काय लिहिलंय ते वर आलंच आहे.

नेटचं म्हणाल तर त्यात माझी शिस्त वगैरे काही नाही. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला, त्यामुळे सुरक्षेसाठी तर ते बंद हवंच. पण चालू ठेवून फायदाही नाही. एक्सपीबरोबरच्या ब्राउझरला टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत येत नाही, तेव्हा आजच्या बहुतेक साइट दारातूनच परत पाठवतात. ईएसपी३२ सारख्या वायफायवाल्या बोर्डांचा तर विषयच सोडून द्या. त्यांच्या साधनांना नवं पायथन लागतं आणि एक्सपीवर पायथन ३.४ च्या पुढे सरकत नाही. विंडोज ७ वाल्यांनी हसू नये, त्यांची गाडी ३.८ वर थांबते, आणि आर्डुइनो आयडीई २ ला विंडोज १० ची ६४ बिट आवृत्तीच लागते. त्यांच्यासाठी १.८.१९ आहे आणि ती छान आहे.

नवं स्केच जुन्या यंत्रावरून चिपमध्ये घालायचंच असेल तर मी कंपाइल रोजच्या लॅपटॉपवर करते आणि नुसती हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये जाणारा तयार कोड, पलीकडे नेते. ३२ केबीची फ्लॅश काठोकाठ भरली तरी ती फाइल साधारण ९० केबी होते, फ्लॉपीतही मावेल.

गेल्या सुट्टीत भाच्याने त्याचा नवाकोरा नॅनो, म्हणजे आर्डुइनोचा छोटा बोर्ड, आणला आणि मुद्दाम या लॅपटॉपला लावला, चालतो का बघायला. ड्रायव्हर बसला, पोर्ट दिसलं, कंपाइल झालं. अपलोडला मात्र 'नॉट इन सिंक'. त्याने केबल बदलली, मीही बदलली. त्याने विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. मग मेनूत बोर्ड 'नॅनो'ऐवजी 'उनो' हा आर्डुइनोचा दुसरा बोर्ड निवडला आणि प्रोग्राम पहिल्या फटक्यात गेला. १.०.५ च्या समजुतीप्रमाणे नॅनोचा बूटलोडर ५७,६०० च्या वेगाने बोलतो. त्याच्या बोर्डावर उनोवालाच ऑप्टिबूट नावाचा बूटलोडर होता, तो १,१५,२०० ने बोलतो. चिप दोन्हीकडे एटीमेगा३२८पी. मधली भाषाही एकच, फक्त एक जण सावकाश बोलत होता आणि दुसरा घाईत.

    वर दीड केबी जागा बक्षीस मिळाली, कारण ऑप्टिबूटला ५१२ बाइट पुरतात आणि नॅनोच्या जुन्या हिशेबात बूटलोडरसाठी २ केबी बाजूला काढलेले असतात. भाचा गप्प झाला. भंगाराचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

कॉम पोर्टाच्या, म्हणजे विंडोज प्रत्येक सिरियल जोडणीला देते त्या, आकड्यांचा वैताग मात्र मलाही अजून आहे. काही यूएसबी-सिरियल चिपांमध्ये स्वतःचा अनुक्रमांक असतो. असा प्रत्येक नवा बोर्ड लावला की विंडोज त्याच्या नावाने नवा आकडा राखून ठेवते, आणि बोर्ड गेला तरी तो सोडत नाही. बघता बघता मी कॉम १४ वर पोचले होते. जुन्या सॉफ्टवेअरांच्या यादीत कॉम ८ पर्यंतच सोय. एव्हीआरड्यूडला दोन आकडी पोर्ट सांगायचं तर नावाआधी दोन बॅकस्लॅश, एक टिंब आणि आणखी एक बॅकस्लॅश लिहावा लागतो. हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. त्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत जाऊन खालचा आकडा द्यावा. 'वापरात आहे' असं विंडोज सांगते, पण वापरणारा बोर्ड बहुतेक वेळा केव्हाच जळून गेलेला असतो.

तर आता तिसरी ओळ.

या लॅपटॉपची मोठी बॅटरी कधीच मेली आहे, तो थेट विजेवर चालतो. आतली सीआर२०३२, म्हणजे मशीन बंद असताना घड्याळ चालतं ठेवणारी गोल बॅटरी, तीही मेली होती. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी प्लग कधी काढतच नाही. एके रात्री पाय लागून प्लग निघाला. परत लावला, चालू केलं, बायॉसने काहीतरी कुरकूर केली, मी सवयीने एफ१ दाबलं आणि कामाला लागले.

काम किरकोळ होतं. विनएव्हीआरमधला सीचा एक छोटा प्रोग्राम, त्यातल्या एलईडीच्या लुकलुकण्याची गती वाढवायची. १००० चे २०० केले, मेनूतून 'प्रोग्राम' दाबलं. एव्हीआरड्यूडने चिप ओळखली, लिहिलं, पडताळलं आणि नेहमीसारखे आभार मानले. एलईडी आपली जुन्याच चालीने लुकलुकतेय.

५० केले. तेच. चिप बदलली. तेच. फ्यूज, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंगचे बिट, वाचले, बरोबर होते. क्रिस्टल बदललं. चार वायरी पुन्हा सोल्डर केल्या, ज्यांना सोल्डरची काही गरज नव्हती. दीड तासाने वैतागून मी प्रोग्रामच्या मधोमध कीबोर्डवर हात आपटून वाट्टेल ती अक्षरं टाकली आणि 'प्रोग्राम' दाबलं. एकही चूक नाही. लिहिलं, पडताळलं, आभार.

त्या क्षणी जरा भीतीच वाटली, खरं सांगते.

मग आउटपुटची खिडकी वर सरकवून पहिल्यांदाच नीट वाचली. 'मेक', म्हणजे कोणत्या फाइली पुन्हा कंपाइल करायच्या ते ठरवणारा प्रोग्राम, बिचारा दर वेळी इशारा देत होता, ही फाइल भविष्यातली आहे, साठ-सत्तर कोटी सेकंद पुढची. कोपऱ्यातल्या घड्याळावर माउस नेला. जानेवारी २००२. मेकचा न्याय साधा आहे: सोर्स फाइल तिच्यापासून कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तरच कंपाइल करायचं. माझी आत्ता बदललेली फाइल २००२ मधली, तिची ऑब्जेक्ट फाइल मागच्या वर्षीची. करण्यासारखं काही नाही, असं ठरवून तो जुनीच हेक्स पुढे ढकलत होता आणि एव्हीआरड्यूड ती इमानाने चिपमध्ये घालत होता. चिपमध्ये जे गेलं ते हेक्सशी तंतोतंत जुळत होतं, मग पडताळणी कशी चुकणार?

तारीख लावली, 'मेक क्लीन' करून जुन्या तयार फाइली पुसल्या, आणि माझ्या कचऱ्यावर चुकांची रांग लागली. चुका बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी कळलं की बॅकअपचा प्रोग्रामही त्याच न्यायाने चालतो, आणि त्याने आदल्या रात्रीच्या फाइलींना जुन्या समजून हातही लावलेला नाही.

बॅटरी बदलायला तळाची बाजू उघडली. लॅपटॉपमधली ही बॅटरी बहुधा दोन वायरी आणि प्लॅस्टिकची कातडी लावून येते, नुसती गोल चकती ढकलून भागत नाही. जुन्या वायरींना नवी जोडली. तारीख आता टिकते.

उघडलंच होतं म्हणून हार्ड डिस्कही बघितली. ४० जीबीची, जुन्या ४४ पिनांच्या आयडीई जोडणीची (आर्डुइनोच्या आयडीईशी हिचा संबंध नाही), आणि हल्ली सुरू होताना एक टकटक आवाज काढते. लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवरून तिची संपूर्ण प्रतिमा काढून दोन ठिकाणी ठेवली आहे. तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवायचा विचार आहे. ते कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे मधल्या ॲडॉप्टरमध्ये तारांच्या सरळ जोडणीपलीकडे फारसं काही नसतं. अडचण एवढीच की काही कार्डं स्वतःला काढता-घालता येणारी डिस्क म्हणवतात आणि मग एक्सपी त्यांच्यावर पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल) ठेवायला कुरकुरते. माझं कार्ड कोणत्या जातीचं निघतं ते रविवारी कळेल. भाचा येणार आहे, स्क्रू त्यालाच काढायला लावणार आहे.