भुंग्याचं बिऱ्हाड

गोठ्याच्या छताच्या लाकडी बल्लीला गोल गोल भोकं पडली होती, गिरमिटानं पाडल्यासारखी, न खाली भुशाचा ढीग. बाबांचा ठरलेला उपाय म्हणजे चिंधी घासलेटात बुडवायची न भोकात कोंबायची. आता घासलेट कुठं मिळते, म्हणून त्या दिवशी डिझेल होतं. तेवढ्यात ती पोरगी आली, कीटकांवर पीएचडी करणारी, हिंगणघाटहून एसटीनं यायची, पाठीवर सॅक न हातात पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वाट्या. साबणाचं पाणी भरून त्या वाट्या ती आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, मांडायची, रंगाला फूल समजून माश्या त्यात पडायच्या न मग ही एकेक मोजत बसायची. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "माय, लिंबू नाही ठेवत का मंधात?"

तर ती बाबांना म्हणाली, "काका थांबा, भुंगा लाकूड खात नाही, फक्त घर कोरतो."

बाबा म्हणाले, "मंग किराया मागू का त्याले?"

मग तिनं सांगितलं ते मी कान देऊन ऐकलं. मादी भोक पाडून आत बोगदा करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडं, मग भुशाची भिंत, परत गोळा, परत अंडं. म्हणजे आमच्या बल्लीत अख्खी चाळ होती न आम्ही तिच्यात डिझेल ओतणार होतो.

हा भुंगा खातो कुठं तर तुरीवर. आमच्याकडं पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, सात-आठ तासांमागं (ओळींमागं) तुरीचं एक तास असते, दिवाळीच्या पुढं-मागं ते पिवळंधम्म होते. तिनं काही फांद्यांना जाळीच्या थैल्या बांधल्या, लग्नात सुपारी-बदामाच्या देतात ना तशा, म्हणजे आत कोणी शिरू नये. तूर आपली आपण पण फळते, थैलीतल्या फांद्यांना शेंगा लागल्याच, पण बाहेरच्या जास्त भरल्या, हे मी डोळ्यानं पाहिलं. वांग्याचं तर और. वांग्याच्या फुलाचा पराग मिठाच्या डबीसारखा आत बंद असतो, टोकाला बारीक भोक. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग झडतो, मधमाशीला ती थरथर जमत नाही. एवढं भरीत खाल्लं आयुष्यात, कधी भुंग्याची आठवण नाही काढली.

पण तूर-वांगी नसतात तेव्हा काय? तेव्हा धुऱ्यावरची रुई. ती जवळजवळ वर्षभर फुलते. गोठ्यात घर, तुरीत नोकरी न रुईवर जेवण. ती याला लँडस्केप म्हणायची, मला आधी वाटलं मोबाईल आडवा धरून फोटो काढायचा असेल. कीर्तनात भुंगा नेहमी कमळात अडकतो, आमच्याकडं कमळ कुठं, आमच्या भुंग्याला रुईच गोड.

आता खरं सांगायचं तर ती रुई मीच मारली होती, आदल्या वर्षी, तणनाशकानं. मजूर भेटत नाही, निंदण परवडत नाही, पंपात उरलेलं औषध धुऱ्यावर रिकामं केलं न मोकळा झालो. मुळावरून परत फुटली म्हणून बरं. शनिवारी मारुतीला पानं लागतात तेवढ्यापुरती तिची किंमत होती आमच्या घरात.

धुऱ्यावरचं सगळंच चांगलं असते असं नाही. पेटारी हे झुडूप पराटीच्याच गोतातलं, तिच्यावरचे लाल ढेकणे पराटीवर येतात, हे बाबांनी सांगितलं तर तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. हे मला आवडलं, नाही तर शिकलेली माणसं ऐकत नाहीत.

तसा धुरा म्हणजे आमच्याकडं भांडायची जागा. आज्याच्या वेळी त्यावरून बैलबंडी जायची म्हणतात, आता दोन माणसं बाजूबाजूनं चालत नाहीत, दरवर्षी ट्रॅक्टरवाला थोडा इकडून खातो, थोडा तिकडून. तेवढ्याशा पट्ट्यात रुई, बोर, तरवड, निंब सगळे दाटीवाटीनं.

यंदा गोठ्यावर टिनं टाकली, बल्ल्या निघाल्या. भोकं पडलेली बल्ली चुलीत घालायची होती, बाबांनीच बाजूला काढली न धुऱ्यावर रुईजवळ नेऊन टाकली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारचा बुढा दारात.

"काऊन बाप्पा, बल्ली टाकून धुरा सरकवून रायले का?"

बाबा त्याला भुंग्याचं समजावून सांगत होते, न बुढा तलाठ्याचं नाव घेत होता.