एलडीएल उणे 260

रविवारची दुपार, लॅबमध्ये मी एकटीच. शेजारच्या दवाखान्यातून चाळिशीतल्या एका माणसाचं रक्त आलं. आदल्या दिवसापासून पोटात दुखतंय, उलट्या होतायत, बहुतेक गॅसेस. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर ट्यूब उचलली, तर खाली लाल गोळा आणि वर पिवळसर सिरमच्या जागी घट्ट दूध. ट्यूबमागे बोट धरून पाहिलं. बोट दिसेना.

असं दिसलं की हात आपोआप रजिस्टरकडे जातो. मीही लिहून टाकलं, 'लिपेमिक, उपाशीपोटी पुन्हा पाठवा', म्हणजे रक्तात चरबी फार, आणि निरोप द्यायला बाहेर आले. बाकावर त्याची बायको बसली होती.

"ताई, सकाळी कपभर दूध दिलं होतं, त्यानं असं झालं का? पण तेही उलटून पडलं. काल दुपारपासून त्यांच्या पोटात काही टिकलंच नाही."

म्हणजे माणूस अठरा-वीस तास उपाशीच होता! जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरून निघते. पाण्यात न विरघळणारी चरबी आत, प्रथिनांचं आणि फॉस्फोलिपिडचं वेष्टण बाहेर. हे कण लसिकावाहिन्यांतून मानेजवळ रक्तात उतरतात आणि निरोगी माणसात दहा-बारा तासांत रिकामे होतात. याचे झाले नव्हते.

मी रजिस्टरातली ओळ खोडली आणि लॅबच्या सरांना फोन लावला.

"शुगर किती?"

"388, सर."

"शुगरच्या गोळ्या घेतो का विचार."

चार महिने बंद होत्या. सर म्हणाले, "मग हमालच नाहीत गं यार्डात. ट्रक उभेच राहणार."

हमाल म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज. केशवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेलं हे एन्झाइम कणांतली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, फोडून स्नायूंना आणि मेदपेशींना देतं. त्याला नीट काम करायला इन्सुलिन लागतं. त्यात यकृतानं चरबी भरून पाठवलेले कण, म्हणजे व्हीएलडीएलचे ट्रकही, याच हमालांकडे येतात. ते रिकामे होत होत शेवटी एलडीएल उरतं, ज्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल असतं. एलडीएल इतकं बारीक की ते वाढलं तरी सिरम स्वच्छच दिसतं. दूध दिसतं ते या मोठ्या कणांमुळे, कारण ते उजेड विखुरतात.

दहापट डायल्यूट करून ट्रायग्लिसराइड लावलं: 3240. दीडशेच्या आत हवं. एकूण कोलेस्टेरॉल 410, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल 22. आणि एलडीएलच्या रकान्यात कॉम्प्युटरनं बिनदिक्कत छापलं उणे 260. एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा, हे 1972 चं फ्रिडेवाल्ड सूत्र ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की चालत नाही, हे त्या सॉफ्टवेअरला कुणी शिकवलं नव्हतं. मी रकाना रिकामा ठेवला.

खरी भीती वेगळी होती. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अमायलेज, स्वादुपिंड सुजलं की रक्तात वाढणारं एन्झाइम, पहिल्या फेरीत जेमतेम नॉर्मल आलं होतं. सर म्हणाले, दुधाळ सिरममध्ये ते खोटं कमी येतं, डायल्यूट करून बघ. डायल्यूट केल्यावर वरच्या मर्यादेच्या तिप्पट निघालं. रिपोर्ट छापत बसले नाही, डॉक्टरांना थेट फोन केला. संध्याकाळी जिल्ह्याच्या गावी सीटी झाला: पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे तीच स्वादुपिंडाची सूज. तोंडानं काही द्यायचं नाही, सलाईन आणि इन्सुलिनची ड्रिप.

उरलेलं सिरम रात्रभर फ्रिजमध्ये उभं ठेवलं. सकाळी वर चांगली जाड साय धरलेली, ते कायलोमायक्रॉन. खालचा भागही गढूळच, म्हणजे व्हीएलडीएलसुद्धा तुंबलेलं. सर आले, ट्यूब खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले.

रजिस्टरातली खोडलेली ओळही त्यांनी पाहिली. बोलले काही नाहीत.

चौथ्या दिवशी तिकडून त्याच्या बायकोचा फोन आला, "ताई, ट्रायग्लिसराइड 610 आलंय. चांगलं का?" सिरम कसं दिसत होतं, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता. तरी मी विचारलंच.