एक्सपायरीचे खोके

आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरखाली, स्टुलाच्या उजव्या हाताला, पुठ्ठ्याचे एक खोके असते. मूळचे ते सलाइनच्या बाटल्यांचे. आता त्याच्या झाकणावर जाड मार्करने 'नॉट फॉर सेल' असे लिहिलेले आहे. हे लिहिणे माझ्या मर्जीवर नाही. औषध नियम, 1945 प्रमाणे मुदत संपलेला माल परत जाईपर्यंत दुकानात ठेवता येतो, पण विक्रीच्या मालापासून वेगळा आणि खोक्यावर तसे ठळक लिहून. इंदूरच्या लोकमान्य नगराजवळ अकरा वर्षे दुकान चालवल्यावर माझी अशी सवय झाली आहे की, धंदा कसा चालला आहे हे कोणी विचारले तर माझी नजर गल्ल्याकडे न जाता आधी या खोक्याकडे जाते.

याचे कारण हिशेबात आहे. सरकारने ज्या औषधांची कमाल किंमत ठरवून दिलेली आहे, त्यांच्यावर 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ विक्रेत्याचा नफा खरेदी किमतीवर 16 टक्के धरला जातो. म्हणजे कर बाजूला ठेवला, तर 100 रुपयांना घेतलेली वस्तू मी फार तर 116 ला विकणार. आता समोरच्या दुकानाची पाटी पाहून गिऱ्हाइकाने दहा टक्के सूट मागितली आणि मी ती दिली, तर 11 रुपये 60 पैसे तिथेच गेले आणि माझ्याकडे उरले 4 रुपये 40 पैसे. त्यातून दुकानाचे भाडे, दोन मुलांचे पगार, विजेचे बिल आणि वर सांगितलेले खोके. किंमत नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर आमच्या धंद्यात छापील किमतीच्या साधारण 20 टक्के मिळण्याची रीत आहे, तेव्हा 'सरसकट 20 टक्के सूट' ही पाटी नामांकित कंपन्यांच्या मालावर पाळायची झाली तर दुकानदाराला उपाशीच राहावे लागेल. तरीही पाट्या लागतात, कारण काही औषधे अशीही असतात ज्यांची छापील किंमत खरेदीच्या कित्येक पट ठेवलेली असते आणि सूट तिथून निघते. मी अशी पाटी लावलेली नाही. यात तत्त्वनिष्ठा किती आणि आळस किती, हे मला नक्की सांगता येणार नाही.

एवढ्या बारीक नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात एक पत्ता वाया गेला, तर त्याची भरपाई करायला तसेच सहा-सात पत्ते विकावे लागतात. (गोळ्यांच्या स्ट्रिपला आम्ही इंदूरकर हिंदीच्या सवयीने 'पत्ता' म्हणतो. पुण्याहून आलेल्या मावसभावाने एकदा गिऱ्हाइकाला 'एक पत्ता द्या' म्हणताना ऐकले आणि त्याला वाटले की ते आमच्या घराचा पत्ता विचारत आहेत.)

पहिल्या वर्षी मला हे कळत नव्हते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा लहान मुलांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता आणि ते एक विशिष्ट अँटिबायोटिक ड्राय सिरप हमखास लिहून देत. स्टॉकिस्टचा, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचा, माणूस दहावर दोन फुकट अशी स्कीम घेऊन आला. मी 60 बाटल्या घेतल्या, 12 फुकट मिळाल्या, आणि त्या 12 बाटल्यांचा नफा मनातल्या मनात मी लगेच खर्चूनही टाकला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी दवाखाना विजय नगरला हलवला. तोपर्यंत 29 बाटल्या खपल्या होत्या. पुढे वर्षभरात इकडून तिकडून आणखी 12 गेल्या आणि उरलेल्या 31 खोक्यात आल्या. त्या परत करायला गेलो तेव्हा स्टॉकिस्टने शांतपणे बिल उलटे करून दाखवले. स्कीमच्या मालाची एक्सपायरी परत घेतली जाणार नाही, असे मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले होते. त्याच्यावर रागवायलाही मला जागा नव्हती. तेव्हापासून कितीही गोड स्कीम आली तरी मी आधी मागच्या तीन महिन्यांची विक्री काढून पाहतो आणि मगच आकडा सांगतो.

एक्सपायरी परत करणे हा या धंद्यातला एक वेगळाच उद्योग आहे. प्रत्येक कंपनीची रीत निराळी: कोणी मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून माल घेते, कोणी संपल्यानंतर ठरावीक काळातच, कोणी कापलेला पत्ता अजिबात घेत नाही. दर दोन महिन्यांनी मी कंपनीवार याद्या करतो, बॅच नंबर लिहितो आणि दुपारी स्कूटरच्या पुढच्या जागेत खोके ठेवून आर.एन.टी. मार्गावरच्या दवा बाजारात जातो. तिथे रोख पैसे कोणी देत नाही. यादीवर सही मिळते, कधीतरी क्रेडिट नोट निघते आणि पुढच्या एखाद्या बिलात ती वळती होते. झाली नाही तर आपणच आठवण करून द्यायची. जीएसटी आल्यावर या परतीच्या मालावर कर कसा दाखवायचा हा घोळ बराच काळ होता. ऑक्टोबर 2018 च्या परिपत्रकाने नवी विक्री दाखवून किंवा क्रेडिट नोट घेऊन, असे दोन्ही मार्ग स्पष्ट केले. मी क्रेडिट नोटचा मार्ग धरला आहे.

कापलेल्या पत्त्याचे मात्र स्वतंत्र शास्त्र आहे आणि नव्या मुलाला मी सगळ्यात आधी तेच शिकवतो. पाच गोळ्या मागितल्या की कात्री चालवायची ती मुदत आणि बॅच छापलेल्या कडेच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख शाबूत राहते. चुकून तारखेची बाजूच गिऱ्हाइकाला गेली, तर मागे राहतात त्या निनावी पाच गोळ्या. त्यांची मुदत कोणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या विकायच्या नाहीत. कापून दिलेल्या गोळ्यांची बॅच आणि मुदत बिलावर आलीच पाहिजे, आणि ते बिल गोळ्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात गेलेच पाहिजे. नव्या मुलाच्या पहिल्या महिन्यात खोक्यात असे निनावी तुकडे भरपूर असतात.

2025 ची दिवाळी या दृष्टीने विलक्षण गेली. 22 सप्टेंबरपासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कपाटातल्या प्रत्येक पाकिटावर जुनीच किंमत छापलेली, आणि गिऱ्हाईक सकाळी वर्तमानपत्र हातात घेऊनच उभे. 112 रुपये छापलेली वस्तू 105 ला द्यायची, हे बिलात सोपे असते. पण छापील आकडा एक आणि बिलाचा दुसरा का, हे दिवसभरात पन्नास वेळा समजावणे सोपे नसते. तो गोंधळ शमतो न शमतो तोच छिंदवाडा जिल्ह्यात कफ सिरपने मुले दगावल्याची बातमी आली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्यात त्याच्या विक्रीवर बंदी आली. माझ्याकडे ते सिरप नव्हते. तरी आठवडाभर आईबाप घरातली कुठलीही बाटली घेऊन येत आणि मी बॅच नंबर वाचून दाखवत असे. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत, अशी केंद्राची सूचनाही त्याच सुमारास निघाली, आणि मुलांच्या कफ सिरपची विक्री माझ्याकडे जवळजवळ थांबली. ती थांबली हे योग्यच झाले, असे मी फार्मासिस्ट म्हणून म्हणतो. दुकानदार म्हणून मी त्या रांगेतल्या बाटल्यांच्या तारखा वहीत उतरवून ठेवल्या.

ही वही म्हणजे माझे खरे हत्यार आहे. संगणक यादी देतोच, पण महिनाअखेरीला मी आणि दुकानातला मुलगा एकेक रॅक हाताने तपासतो; तो तारीख वाचतो, मी लिहितो. पाकिटावर नुसता महिना आणि साल असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध विकता येते. ज्यांना तीन महिने उरले आहेत त्यांच्यावर पेन्सिलीने फुली येते आणि ती पाकिटे रांगेत पुढे येतात. इन्सुलिनचे खाते वेगळे. ते 2 ते 8 अंशांत राहावे लागते, म्हणून त्याच्यासाठी फ्रिज, फ्रिजसाठी इन्व्हर्टर, आणि मे महिन्यात वीज गेली की रात्री दुकान उघडून थर्मामीटर पाहणे.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या काकू रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. एरवी त्यांचा बेंगळुरूचा मुलगा महिन्याची औषधे ऑनलाइन मागवतो. पार्सल उशिरा आले की आमची आठवण होते. रांगेत पुढे फुलीचे पाकीट होते. मी त्यांना सांगितले, "काकू, याची मुदत दोन महिने उरली आहे, तुमच्या तीस गोळ्या महिनाभरात संपतील. चालेल का?" त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पत्ता उजेडाकडे धरून तारीख स्वतः वाचली आणि म्हणाल्या, "चालेल की. पण मग पैसे जरा कमी कर." मी दहा रुपये कमी केले आणि वहीतली ती ओळ खोडली.