पुण्याला जायलाच पाहिजे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि हे विचारणारे तुम्ही एकटे नाही, गावाकडं गेलो की कोणीतरी आई-वडील गाठतातच: पोरीला एमपीएससी करायचीय, पुण्याला पाठवू का घरातच एक खोली देऊ, अभ्यास काय कुठंही होतो की.

मी 2017 ला भूमवरून पुण्याला आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचो आणि शास्त्री रोडजवळ एका अभ्यासिकेत केबिन घेतलं होतं. डिग्री होईपर्यंत सलग दोन तास बसून कधी वाचलेलं नव्हतं, आणि तिथं महिन्याभरात दिवसाचे आठ तास सहज व्हायला लागले. कोणी रागावत नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. शेजारच्या केबिनला बार्शीचा एकजण बसायचा. सकाळी साडेसहाला येऊन खुर्चीवर टॉवेल टाकणार, मोबाईल बंद करून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवणार, मग शंभर पानी वही काढून आयोगाच्या जुन्या पेपरातला एकेक प्रश्न लिहिणार आणि त्याखाली चारही पर्याय फोडणार, हा बरोबर का, बाकीचे तीन चूक का. आपलं उत्तर चुकलं असेल तर शेजारी लाल पेनाने कारण. 'घाईत वाचलं.' 'अंदाज मारला.' 'दोनदा वाचूनही विसरलो.' एकदा चहाला गेलो तेव्हा ती वही मी मागून घेतली, पानं उलटली आणि पहिल्यांदा कळलं की आपण नुसती पुस्तकं संपवतोय, आपण कुठं चुकतो हे आपल्याला माहितीच नाही. दुसऱ्या दिवशी मीही शंभर पानी वही आणली. एवढा बदल कुठल्याच क्लासने माझ्यात केला नाही.

पण त्याच अभ्यासिकेत, त्याच फीमध्ये, दुसराही एक ग्रुप होता आणि मधलं जवळजवळ वर्षभर मी त्यांच्यात होतो. पोरं मनाने फार चांगली, अडचणीला पैसे देणारी, आजारी पडलो तर रात्रभर उशाशी बसणारी. पण चहा दोन-दोन तास चालायचा, जागा किती निघणार, कटऑफ कितीला लागणार, परीक्षा पुढं जाणार का, आणि निकाल लागला की सगळेच राहिलेले असायचे म्हणून कोणालाच फार लागायचं नाही. यंदा पेपरच तसा होता, असं एकमेकांना सांगायचो. आपला एक प्रयत्न गेला, घरी बापाचं वय वाढतंय, हे त्या घोळक्यात जाणवतच नाही. मला आजही सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटते.

म्हणून नुसतं हुशारांच्या जवळ नेऊन बसवलं की काम झालं असं नसतं. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत हे करून बघितलंय, 2013 ला त्यावर पेपर छापून आला. कच्च्या मुलांना मुद्दाम हुशार मुलांच्या तुकडीत टाकलं, आधीच्या आकड्यांवरून वाटत होतं की त्यांचे मार्क वाढतील, आणि झालं उलटंच, त्यांचे मार्क घसरले, कारण तुकडी एक असली तरी आत गेल्यावर मुलं आपापल्यासारख्यांचेच गट करून राहिली. मी हे वाचलं तेव्हा मला आमची अभ्यासिकाच दिसली.

मार्च 2020 ला लॉकडाऊन लागलं आणि आम्ही सगळे गावी. 5 एप्रिलची राज्यसेवेची प्री, म्हणजे पूर्व परीक्षा, पुढं ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली, म्हणजे जवळजवळ वर्षभर घरात. तेव्हा आम्ही चौघं, बार्शीचा तो, परभणीची एक मैत्रीण, सांगोल्याचा एक आणि मी, रोज सकाळी सहाला कॉन्फरन्स कॉल लावायचो. बोलायचं नाही, फोन स्पीकरवर ठेवून नुसतं वाचायचं. पानं उलटल्याचा आवाज यायचा, कोणाकडं कुकरची शिट्टी, कोणाकडं कोंबडा. परभणीच्या मैत्रिणीला मात्र मधेच हाक यायची, पाहुणे आलेत, चहा टाक, आणि ती 'आलेच' म्हणून म्यूट व्हायची ती कधीकधी दुपारपर्यंत. माझ्या खोलीत मला कोणीच हाक मारत नव्हतं. दोघांचं घर सारखं नव्हतं, हे त्या म्यूटमुळं कळलं.

तर तुमच्या पोरीबद्दल. पुणंच पाहिजे असं नाही, पण घराबाहेर बसायला जागा पाहिजे, तालुक्याच्या अभ्यासिकेत का होईना, आणि मनापासून करणारे दोन-तीन जण पाहिजेत. त्यात आता 2025 पासून राज्यसेवेची मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, वर्णनात्मक झालीय, पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. पूर्वी आन्सर की काढून एकट्याला पेपर तपासता यायचा, आता लिहिलेलं उत्तर दुसऱ्या कोणीतरी वाचल्याशिवाय मुद्दा सुटलाय का नुसता पसारा झालाय हे कळत नाही. एकट्याने खोलीत बसून ते जमणं फार अवघड आहे.

तिला सांगा, आठवड्याला दोन उत्तरं हाताने लिहून फोटो पाठव. रविवारी मी वाचतो. आणि तिच्यासोबत गावातली अजून कोणी करत असेल तर तिचीही पाठवा, दोघींनी आधी एकमेकींची तपासून मग माझ्याकडं.