सहा वर्षांचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर असलेला प्रोसेसरचा पाण्यावरचा कूलर): शेवटी काढलाच

मे महिन्यातलं नागपूर, आणि माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, रायझन ३७००एक्स, ९३ अंशांवर. या प्रोसेसरची मर्यादा ९५, त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. आधी दोष उन्हाळ्यालाच दिला. सगळेच देतात.

पण जुन्या वहीत २०२१च्या जानेवारीतली नोंद सापडली: सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी टेस्ट), दहा मिनिटं, खोली २७, प्रोसेसर ६८. म्हणजे खोलीपेक्षा ४१ अंश जास्त. आता खोली ३६ आणि प्रोसेसर ९३, फरक ५७. उन्हाळ्याने खोलीचा आकडा वाढतो, हा फरक १६ अंशांनी वाढायचं काही कारण नाही. तेव्हा कूलर तपासायचा असेल तर आधी खोलीचं तापमान वजा करा. भिंतीवरचं साधं थर्मामीटरही चालतं.

लगेच नवीन घ्यायला मन होईना. ब्लोअरने रेडिएटरमधली धूळ उडवली (गॅलरीत उडवली, तरी आईची बोलणी खाल्लीच), प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट बदलली. फरक ५४वर आला. तीन अंशांसाठी अख्खा रविवार.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) पंपाचा वेग मात्र मिनिटाला २७०० फेरे, अगदी पहिल्यासारखा. इथेच मी महिनाभर फसलो. तो आकडा मोटर फिरते एवढंच सांगतो, पाणी फिरतं की नाही ते सांगत नाही. मग टेस्ट चालू ठेवून दोन्ही नळ्या हातात धरल्या. एक चांगलीच गरम, दुसरी जवळजवळ खोलीइतकीच. प्रवाह नीट असेल तर दोन्हींत हाताला कळेल एवढा फरक लागत नाही. पाणी रेंगाळत होतं. निर्णय तिथेच झाला. पाच वर्षांची वॉरंटीही केव्हाच संपली होती.

काढताना एक सांभाळा. एएम४मध्ये (माझ्या प्रोसेसरचं सॉकेट) पेस्ट वाळलेली असली की कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून दहा मिनिटं लोड देऊन गरम केला, मशीन बंद करून प्लग काढला, आणि कूलर सरळ न ओढता डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सोडवला.

नंतर कुतूहल म्हणून जुन्या कूलरची तांब्याची प्लेट उघडली. आतल्या केसासारख्या बारीक पात्यांच्या फटींत हिरवट-करडा गाळ घट्ट बसलेला, टूथब्रशलाही दाद देईना. पाणीही काठोकाठ नव्हतं. नळ्यांच्या रबरातून ते वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत राहतं, गळती नसली तरी.

नवीन म्हणून टॉवर एअर कूलर घेतला, सहा हीटपाइपचा (उष्णता पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या). उंची १५५ मिमी, माझ्या कॅबिनेटमध्ये १६० बसते. पाच मिमीवर निभावलं. रॅमसाठी पुढचा पंखा थोडा वर सरकवावा लागला. ब्रॅकेटचे मूळ स्क्रू सापडेनात म्हणून तासभर शोधाशोध केली. ते निघाले आईच्या सुयादोऱ्याच्या बिस्किटाच्या डब्यात!

पहिलं रीडिंग: खोली ३४, प्रोसेसर ७८. फरक ४४. नव्याकोऱ्या एआयओपेक्षा तीन अंश जास्त, पण यात बिघडला तर फक्त पंखा बिघडेल, आणि तो कुठेही मिळतो.

पुढचं रीडिंग दिवाळीनंतर घेईन. जुन्या रेडिएटरचे दोन १२० मिमीचे पंखे धडधाकट आहेत, ते कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला लावून बघायचेत.