तुम्ही विचारलंत म्हणून: आयरा लूव्हिन आणि देवाची गाणी

लूव्हिन ब्रदर्स ही अमेरिकन कंट्री संगीतातली (तिथल्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत) दोन भावांची गाणारी जोडी. ती ज्यांना ज्यांना ऐकवली, त्यांतले बरेच जण काही दिवसांनी एकच प्रश्न घेऊन येतात. गाणी आवडलेली असतात. मग ते थोरल्या भावाबद्दल, आयराबद्दल, वाचतात: दारू, चार लग्नं, रागाच्या भरात फोडलेली मेंडोलिन. आणि विचारतात, ‘असा माणूस देवाची गाणी गायचा, ते ढोंगच ना?’ तुम्हीही परवा तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मला ते ढोंग वाटत नाही. आयराला पाठीशी घालायचं म्हणून हे म्हणत नाही. 1963 साली त्याने तिसऱ्या बायकोचा गळा टेलिफोनच्या वायरने आवळला आणि तिने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातून तो वाचला. 1956 मध्ये दौऱ्यावर असताना एल्व्हिस प्रेस्ली, म्हणजे काळ्या गायकांच्या ढंगात गाणारा गोरा रॉक अँड रोल गायक, स्टेजमागे चर्चची गाणी वाजवत बसला होता आणि आपलं खरं प्रेम याच संगीतावर आहे असं म्हणाला, तेव्हा आयराने त्याला वर्णद्वेषी शिवी दिली, असं धाकट्या चार्लीनेच सांगून ठेवलंय. यातलं काही माफ करावं असं नाही. मी बोलतेय ते फक्त गाण्यांबद्दल.

अलाबामाच्या ईशान्य कोपऱ्यात सँड माउंटन नावाचं पठार आहे. तिथे कापूस पिकवणाऱ्या लाउडरमिल्क कुटुंबात आयरा 1924 मध्ये जन्मला, चार्ली 1927 मध्ये. लूव्हिन हे नाव त्यांनी पुढे गाण्यासाठी घेतलं. बाप कष्टाळू आणि मारकुटा, आणि सगळ्यात जास्त मार आयराच्या वाट्याला यायचा. जुनी कथागीतं आईकडून आली. बाकीचं शिक्षण झालं ‘सेक्रेड हार्प’ या ख्रिस्ती भक्तिगीतांच्या पुस्तकातून होणाऱ्या सामूहिक गायनात. हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. गाणारे चौकोन करून समोरासमोर बसतात, एका बाजूला एक आवाज, असे चार. साथीला एकही वाद्य नाही. पुस्तकातले स्वर त्रिकोण, गोल, चौकोन आणि शंकरपाळी अशा आकारांत छापलेले असतात, त्यांची नावं फा, सोल, ला, मी. आधी सगळे जण स्वरांची नावं घेऊन अख्खी चाल गातात, मग शब्द. आपल्याकडे सरगम गाऊन चीज पक्की करतात, त्यांना यात नवल वाटणार नाही. गातात मात्र पूर्ण छाती भरून, अगदी खणखणीत. आणि बरीचशी पदं मरणाबद्दल, आत्म्याचं पुढे काय होणार याबद्दल.

या दोघांचे आवाज इतके कसे मिळतात, याचं मूळ तिथे आहे. चार्ली खालून मूळ चाल धरायचा, आयरा वरून सूर लावायचा. चाल चार्लीच्या पट्टीबाहेर चढली, की आयरा ती उचलायचा आणि चार्ली खालचा सूर घ्यायचा, कधीकधी ओळीच्या मधेच. चार्ली म्हणायचा की त्यासाठी एकमेकांना खूण करावी लागत नसे. आयरा गेल्यानंतर एकटा गातानाही, जोडसुराची जागा आली की तो सवयीने माइकपासून थोडा बाजूला सरायचा. एका सुरामागून जाणाऱ्या आपल्या कानाला ही अदलाबदल पटकन कळत नाही. हेडफोन लावून एकाच आवाजाचा माग काढायचा प्रयत्न करा, तो मधेच हातातून निसटतो.

रेकॉर्डिंगचा धंदा त्यांना फारसा धार्जिणा नव्हता. चाळीसच्या दशकात चॅटनूगा, नॉक्सव्हिल, मेंफिस असं रेडिओवर गात फिरले. मधे चार्लीची लष्करातली नोकरी. अपोलो, डेक्का, एमजीएम या कंपन्यांसाठी थोडी थोडी गाणी झाली, जम बसला नाही. मेंफिसला तर दोघांनी पोस्टात नोकऱ्या केल्या. 1952 मध्ये कॅपिटॉलने करार केला, तोही भक्तिगीतांसाठी. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात 1955 मध्ये त्यांचा शिरकाव झाला, तेव्हा प्रायोजक एक तंबाखू कंपनी होती आणि भक्तिगीतांवर तंबाखू खपत नाही असं त्यांना सांगण्यात आलं. मग ते प्रेमगीतांकडे वळले. ‘व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग’ लगेच गाजलं, आणि 1956 मध्ये ‘आय डोन्ट बिलीव्ह यू हॅव मेट माय बेबी’ कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आता ज्या रेकॉर्डवरून तुमचा प्रश्न निघाला ती, 1959 ची ‘सेटन इज रिअल’, म्हणजे ‘सैतान खरा आहे’. मुखपृष्ठावर पांढऱ्या सुटातले दोघे भाऊ हात पसरून उभे, मागे आग आणि प्लायवुडचा भलाथोरला सैतान. तो आयराने स्वतः बनवला होता. दगडाच्या जुन्या खाणीत केरोसीनमध्ये भिजवलेले टायर पेटवले, त्यात पाऊस सुरू झाला, आणि तापलेले दगड फुटून उडू लागले तसा फोटो घेतला. लोक हे चित्र बघून हसतात. मला हसू येत नाही, कारण आतली गाणी ऐकलेली आहेत. शीर्षकगीतात आयरा मधेच गाणं थांबवून एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो: चर्चमध्ये उपदेश चाललेला असताना तो उठतो आणि म्हणतो, सैतानही खरा आहे, मी त्याला ओळखतो. त्याच रेकॉर्डवर दारुड्याच्या सर्वनाशाचं गाणं आहे आणि गुडघे टेकून देवाची करुणा भाकणाऱ्या दारुड्याचंही. आयराचा वरचा सूर तिथे इतका ताणलेला लागतो की ऐकवत नाही.

ढोंगी माणूस आपण तरलो आहोत अशा थाटात गातो. आयराच्या गळ्यात तो निवांतपणा कधीच आला नाही. लहानपणापासून ज्या नरकाबद्दल ऐकलं, त्याच्या वाटेवर आपण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं असं मला वाटतं, आणि तरी त्याने वाट बदलली नाही. चार्ली दारूपासून लांब राहिला, दौरे आणि हिशेब सांभाळत राहिला. त्याचा आवाज त्या गाण्यांत स्थिर आहे. मला तर दोघांचं नातंच तिथे ऐकू येतं.

पुढची वर्षं पडतीची. रॉक अँड रोल आलं, आणि मेंडोलिनमुळे तुमच्या रेकॉर्ड खपत नाहीत असं निर्माता केन नेल्सनने सुनावलं. आयराच्या हे फार जिव्हारी लागलं. त्यानंतरच्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये त्याचं मेंडोलिनच नाही, आणि मला ती गाणी अर्धवट वाटतात. 1963 मध्ये चार्ली वेगळा झाला. 20 जून 1965 ला मिसूरीत मोटार अपघातात आयरा चौथ्या बायकोसह गेला. समोरच्या गाडीचा ड्रायव्हर प्यायलेला होता.

ऐकायला सुरुवात करणार असाल तर ‘सेटन इज रिअल’ने करू नका. आधी 1956 ची ‘ट्रॅजिक साँग्ज ऑफ लाइफ’ लावा. त्यात आईकडून आलेलं ‘नॉक्सव्हिल गर्ल’ आहे: प्रेयसीच्या खुनाचं गाणं, दोघे कुठेही आवाज न चढवता गातात. मग ‘द फॅमिली हू प्रेज’. सैतानाची रेकॉर्ड त्यानंतर, आणि दारुड्याची दोन्ही गाणी सलग ऐका. तरीही ढोंग वाटलं तर मला जरूर कळवा, आपण पुन्हा बोलू.